न्यूट्रलमधूनही तेवढाच करंट जातो, मग शॉक का बसत नाही?

प्रश्न विचारणारा मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लालबागच्या चाळीत राहतो आणि सुट्टीत एका वायरमनच्या हाताखाली काम करतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "सर, फेजमधून जेवढा करंट येतो तेवढाच न्यूट्रलमधून परत जातो, असं पुस्तकात आहे. मग फेजला हात लागला तर झटका आणि न्यूट्रलला लागला तर काहीच नाही, असं का? अर्थिंगमध्ये गेलेला करंट जमिनीत मुरतो का? एसीमध्ये इलेक्ट्रॉन जागच्या जागी मागे-पुढे होतात, तर मग खोपोलीहून मुंबईला वीज येते म्हणजे नक्की काय येतं? आणि आमच्या पॅसेजमधला एलईडी बल्ब स्विच बंद असताना रात्रभर मिणमिणतो, तो कशावर?"

प्रश्न चार दिसतात, पण अडचण एकच आहे. वीज 'एका वायरमध्ये' असते असं आपण मनात धरून बसतो. वायरमनच्या बोलीत फेज गरम आणि न्यूट्रल ठंडा. काम करायला ही भाषा पुरते, समजून घ्यायला पुरत नाही. दोन गोष्टी पक्क्या धर. व्होल्टेज कधीही एका जागी नसतं, ते दोन जागांमध्ये असतं. आणि करंट ट्रान्सफॉर्मरच्या ज्या वाइंडिंगमधून, म्हणजे तारेच्या गुंडाळीतून, निघाला, त्याच वाइंडिंगच्या दुसऱ्या टोकाला त्याला परत पोचावंच लागतं. दुसरीकडे कुठेही तो मुरत नाही, संपत नाही, सांडत नाही.

आता न्यूट्रलचं बघू. तुमच्या गल्लीतल्या सबस्टेशनमधला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४०० व्होल्ट करतो. त्याच्या तीन वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधलेली असतात, तो न्यूट्रल पॉइंट. हा पॉइंट तिथेच जाड पट्टीने जमिनीत गाडलेल्या अर्थ इलेक्ट्रोडला जोडलेला असतो. सगळं कोडं या एका जोडणीत आहे. ती असल्यामुळे न्यूट्रल आणि तू ज्या फरशीवर उभा आहेस ती फरशी, यांच्यात जवळजवळ फरकच नाही. घरात १० अँपिअर चालू असतील आणि तुझ्या बोर्डापासून सबस्टेशनपर्यंतच्या न्यूट्रलचा रेझिस्टन्स ०.३ ओहम धरला, तर न्यूट्रल जमिनीपेक्षा फक्त ३ व्होल्ट वर असेल. न्यूट्रलमधून १० अँपिअर जात असले तरी ते त्या तांब्यातून जातात. तुझ्या शरीरातून किती जातील हे ठरतं तुझा हात आणि तुझे पाय यांच्यातल्या व्होल्टेजवर, आणि ते आहे ३. फेजला हात लागला तर तेच होतं २३०. घामेजलेला हात आणि ओली फरशी असेल तर शरीराचा रेझिस्टन्स हजार-दीड हजार ओहम धरायला हरकत नाही. म्हणजे दीडशे ते सव्वादोनशे मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याहून कितीतरी कमी पुरतो.

त्या करंटचा रस्ता नीट पाहा: वाइंडिंग, फेज, तुझा हात, पाय, फरशी, माती, सबस्टेशनचा अर्थ इलेक्ट्रोड, न्यूट्रल पॉइंट, आणि परत तेच वाइंडिंग. जमीन वीज शोषून घेत नाही. ती परतीच्या वायरीचं काम करते, एवढंच.

म्हणजे सबस्टेशनमध्ये न्यूट्रल जमिनीला बांधलाच नसता तर? तर एका फेजला हात लावून झटका बसला नसता. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे ज्याचं आउटपुट जमिनीला कुठेच बांधलेलं नसतं अशा ट्रान्सफॉर्मरच्या, आउटपुटचं हेच असतं. त्याची कुठलीही एक वायर धरली तरी परतीचा रस्ता पूर्ण होत नाही. मग गावभर तसंच का करत नाहीत, हा पुढचा प्रश्न तुझ्या मनात यायला हवा. त्याचं कारण असं, की न बांधलेली सिस्टिम मोठी झाली की ती निर्धोक राहतच नाही. शेकडो घरांच्या वायरिंगमध्ये कुठेतरी एखादी फेज ओल्या भिंतीला टेकणारच, आणि त्या क्षणापासून बाकीच्या वायरी जमिनीच्या तुलनेत 'गरम' होतात. फ्यूज उडत नाही, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, त्यामुळे बिघाड झालाय हे कुणाला कळतही नाही. त्यातून ट्रान्सफॉर्मरच्या आत ११,००० चं वाइंडिंग ४०० च्या वाइंडिंगला टेकलं, तर घराघरांत काय पोचेल याचा विचार कर. न्यूट्रल बांधून ठेवला की जमिनीपासून फेजचं व्होल्टेज २३० च्या आसपास डांबून राहतं आणि बिघाड झाला की दणक्यात करंट वाहून फ्यूज उडतो. आपण एक धोका पत्करून त्याहून मोठा धोका टाळलेला आहे.

वीजतारेवरचा कावळा याच नियमाने वाचतो. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, त्यांच्यात फरक नाही. लोकलच्या टपावर चढलेला पोरगा मात्र वायरीला न शिवताही जळतो, कारण टप चाकांमधून रुळांना आणि रुळांमधून जमिनीला जोडलेला असतो. त्याचे पाय जमिनीवरच आहेत असं समज आणि डोक्यावर २५,००० व्होल्ट. मधली हवा तेवढ्या जवळून ते तोलून धरू शकत नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर, आणि जवळजवळ नव्वद वर्षं आपल्या लोकल त्यावरच चालल्या. पश्चिम रेल्वेचं २५,००० व्होल्ट एसीवर जाणं २०१२ मध्ये पूर्ण झालं, हार्बरचं २०१६ मध्ये. कारण सोपं आहे. गाडीला ३ मेगावॅट लागतात असं धर. १,५०० व्होल्टवर त्यासाठी २,००० अँपिअर लागतात, २५,००० वर १२०. वायरीतली नासाडी करंटच्या वर्गाने वाढते. पण या बदलात एक गोष्ट कायमची गेली. वायरीला 'हात लावला नाही तर काही होत नाही' हा जुना समज आता जिवावर बेततो. वायरीपासून दोन मीटरच्या आत शरीर, छत्री, काठी, सेल्फी स्टिक काहीही जाता कामा नये. हे तुझ्या मित्रांनाही सांग.

आता ज्या गोष्टीवर मला खरं तर सगळ्यात जास्त लिहायचं आहे ती. न्यूट्रलला शॉक बसत नाही हे तो शाबूत असेपर्यंतच खरं. तुटलेला न्यूट्रल फेजपेक्षा वाईट, कारण त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही.

तुला एक अनुभव येईलच. घरात लाइट नाही, तू सॉकेटमध्ये टेस्टर घालतोस आणि दोन्ही होलमध्ये टेस्टर पेटतो. नवीन पोरं म्हणतात, "दोन फेज आल्यात." आलेल्या नसतात. न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलेला असतो आणि चालू असलेल्या पंख्याच्या वाइंडिंगमधून किंवा एखाद्या बल्बमधून फेज घरातल्या न्यूट्रल वायरीपर्यंत आलेली असते. करंट नसल्यामुळे वाटेत व्होल्टेज ड्रॉप होत नाही, म्हणून पलीकडेही पूर्ण २३०. घरातली सगळी उपकरणं बंद केलीस की न्यूट्रलवरचा टेस्टर विझतो. ही खूण लक्षात ठेव. आणि तोवर त्या 'ठंड्या' वायरीला हात लावू नकोस.

हे एका घरापुरतं असेल तर अंधारावर भागतं. बिल्डिंगचा मुख्य न्यूट्रल सुटला तर नाही. दादरच्या एका जुन्या इमारतीत मला बोलावलं होतं. तक्रार अशी, की संध्याकाळी लाइट डिम-फुल होतेय, आणि दुसऱ्या मजल्यावर एकाचा टीव्ही गेला. मीटर रूम तळमजल्यावर, जिन्याखाली, भिंतीला ओल. फेजच्या तिन्ही लगा (वायरीच्या टोकाला बसवलेले धातूचे कान) ठीक होत्या. न्यूट्रल लिंकवर अॅल्युमिनियमची लग पितळेच्या पट्टीला एकाच बोल्टने बसवलेली. कडेला पांढरी बुरशीसारखी भुकटी, तिच्या आत हिरवट डाग, आणि वायरीचं इन्सुलेशन दोन बोटं तपकिरी होऊन आक्रसलेलं. सप्लाय बंद करून पाना लावला तर बोल्ट अर्धा आटा सहज फिरला. समुद्राची खारी हवा आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की सांधा आतून गंजतो, रेझिस्टन्स वाढतो, तापतो, सैल होतो, आणखी तापतो. मुंबईत हे जागोजागी दिसतं.

अशा वेळी नक्की काय होतं ते आकड्यांत बघ. दोन घरं, दोन वेगळ्या फेजवर. एकात फक्त १०० वॅटचा टीव्ही, दुसऱ्यात २,००० वॅटचा गिझर. सोपं जावं म्हणून तिसऱ्या फेजचा लोड बंद धर. न्यूट्रल शाबूत आहे तोवर दोघांनाही २३०. न्यूट्रल सुटला की ही दोन घरं ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, येतात, कारण दोन फेजमध्ये ४०० असतात. टीव्हीला साधा रेझिस्टन्स समजलं तर तो साधारण ५२९ ओहम, गिझर साधारण २६. व्होल्टेज रेझिस्टन्सच्या प्रमाणात वाटलं जातं. टीव्हीला ३८१ व्होल्ट, गिझरला १९. म्हणजे ज्याने कमी वीज वापरली त्याचं सामान जळतं आणि ज्याने गिझर लावला त्याचं पाणी गार राहतं. टीव्ही जळून सर्किट तुटेपर्यंत हा खेळ चालतो. कुठल्याही एमसीबीला यात जास्त करंट दिसत नाही, म्हणून ती पडत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर ४० आणि १०० वॅटचे जुने तारेचे बल्ब सिरीजमध्ये लाव. ४० चा उजळ पेटेल, १०० चा जेमतेम लाल होईल. आधी वर्गातल्या मुलांना विचार कुठला जास्त पेटेल. बरेचजण चुकतील, कारण बल्बवरचा वॅटचा आकडा हा त्याचा स्वभाव आहे असं त्यांना वाटतं. तो आकडा फक्त २३० व्होल्टपुरता खरा असतो.

यावरून चाळींमध्ये सर्रास चालणाऱ्या एका उद्योगाबद्दल सांगतो. अर्थिंग नसलं की सॉकेटच्या मागे अर्थची मोठी पिन आणि न्यूट्रल यांना वायरीच्या तुकड्याने जोडून देतात. "न्यूट्रल पण अर्थच असतो ना" हे त्यावरचं समर्थन. वर वाचलंस तेच इथे लाव. न्यूट्रल तुटला की फेज पंख्यातून किंवा बल्बमधून न्यूट्रलवर येते आणि तिथून थेट फ्रिजच्या पत्र्यावर. फ्रिज व्यवस्थित असतो, वायरिंग व्यवस्थित असतं, आणि दार उघडणाऱ्या बाईला २३० व्होल्ट लागतात. असा जंपर कुठे दिसला तर काढ आणि मालकाला सांगून काढ. तुझा उस्ताद रागावला तरी काढ.

अर्थिंग कशासाठी मग? फ्रिजच्या पत्र्याला फेज टेकली तर करंटला परत जायला माणसापेक्षा सोपा रस्ता मिळावा आणि सप्लाय लगेच तुटावा, यासाठी. पण इथे एक आकडा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इमारतीचा अर्थ पिट, म्हणजे अर्थ इलेक्ट्रोड गाडलेला खड्डा, ५ ओहमचा, सबस्टेशनचा १ ओहमचा असं धर. मातीतून जाणारा करंट २३० भागिले ६, म्हणजे ३८ अँपिअर. ३२ अँपिअरची एमसीबी यावर तत्काळ पडणार नाही, कदाचित तासभर पडणार नाही, आणि तोवर पत्रा गरमच राहील. खाडीलगतच्या खारट भरावात पिटचा रेझिस्टन्स कमी येतो, मुरूम आणि काळ्या खडकात ५ ओहम मिळवणंही जड जातं. अर्थची वायर धातूच्या रस्त्याने थेट सबस्टेशनच्या न्यूट्रलपर्यंत गेलेली असेल तर हाच करंट शेकड्यांत जातो आणि एमसीबी क्षणात पडते. जिथे मातीवरच भिस्त आहे तिथे आरसीसीबीला, म्हणजे गळणारा करंट ओळखून पडणाऱ्या स्विचला, पर्याय नाही.

आरसीसीबी फार साधी गोष्ट मोजते. फेजमधून गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का? ३० मिलिअँपिअरच्या मशीनमध्ये फरक तिथवर गेला की ती पडते. म्हणूनच तिला स्वतःला चालायला अर्थिंग लागत नाही. अर्थ नसलेल्या घरातही लावून घ्यावी, ती माणसाला वाचवते. पण एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरून लाकडी स्टुलावर उभा राहिलास तर तिच्या हिशेबाने गेला तेवढा परत आला, तू म्हणजे एक बल्ब. ती पडणार नाही. पावसाळ्यात घरोघरी "आरसीसीबी सारखी पडते, काढून टाका" अशी मागणी येते. ती पडते कारण बाहेरच्या ओल्या जॉइंटमधून किंवा गिझरच्या एलिमेंटमधून करंट खरोखरच गळतोय. एकेक सर्किट वेगळं करून जागा शोध.

आता तुझा मिणमिणणारा बल्ब. पॅसेजला दोन टोकांना दोन स्विच असतील, म्हणजे जिन्याचं टू-वे वायरिंग. त्यात बल्बकडे जाणारी 'बंद' वायर आणि गरम वायर एकाच पाइपमधून लांबवर शेजारी शेजारी जातात. दोन वायरी आणि मधलं इन्सुलेशन म्हणजे कपॅसिटरच, आणि एसी त्यातून थोडा पार जातो. दहा-एक मीटरच्या पट्ट्यात एक नॅनोफॅरड धर. ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ७० मायक्रोअँपिअर जातो. तारेच्या बल्बला याची दादही नसायची. एलईडीला दिसेल इतका उजेड द्यायला तेवढा पुरतो. पण हे कारण धरण्याआधी दोन गोष्टी तपास. स्विचमध्ये लाल इंडिकेटर असेल तर त्याचा करंट बल्बमधूनच जातो. आणि स्विच चुकून न्यूट्रलमध्ये तर टाकलेला नाही ना? तसं असेल तर स्विच बंद करूनही होल्डर गरम असतो, आणि बल्ब बदलताना कुणीतरी सापडेल. ते आधी दुरुस्त कर. दोन्ही नसेल तर बल्बशी समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा, मेन्ससाठी बनवलेला एक्स-टू प्रकारचा कपॅसिटर होल्डरपाशी लावला की मिणमिणणं थांबतं.

हीच गळती टेस्टरलाही फसवते. बंद वायरीवर तो मंद पेटतो, आणि डिजिटल मीटर शंभर-दीडशे व्होल्ट दाखवतो. जुने वायरमन ६० वॅटच्या तारेच्या बल्बचा सिरीज लॅम्प का बाळगतात ते यामुळे. खरी फेज असेल तर तो पेटतो, खोटी असेल तर तिचं व्होल्टेज त्याच्यासमोर कोसळतं.

राहिलं खोपोली. घाटावरच्या तलावांचं पाणी खाली आणून टाटांनी १९१५ मध्ये तिथे वीज सुरू केली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी. अंतर साधारण ७० किलोमीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ५ अँपिअर डीसी असेल तर इलेक्ट्रॉन सेकंदाला पाव मिलिमीटर सरकतात. या वेगाने खोपोलीहून निघालेला इलेक्ट्रॉन मुंबईत यायला जवळजवळ नऊ वर्षं लागतील. एसीमध्ये तर तो मिलिमीटरचा एक-दोन हजारांश भाग एवढंच मागे-पुढे होतो. शिवाय वाटेत ट्रान्सफॉर्मर आहेत, आणि त्यांची दोन वाइंडिंग एकमेकांना जोडलेलीच नसतात. तुझ्या घरातले इलेक्ट्रॉन तुझ्या घराच्या तांब्यातलेच आहेत. सायकलच्या चेनकडे बघ. चेन सावकाश फिरते, तिची कडी कुठे खर्च होत नाही, खालची बाजू परत मागे जाते, पण पायडलवर दिलेला जोर चाकाला त्याच क्षणी कळतो. पायडल मागे-पुढे झुलवलं आणि चाकाला तशी सोय असली तरी काम होईल. विजेत तो जोर वायरीच्या भोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रातून जातो, प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास. पॉइंटिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८४ मध्येच हे गणिताने दाखवलं होतं. आपण बिल भरतो ते या ऊर्जेचं, इलेक्ट्रॉनचं नाही.

यातूनच एक उपप्रश्न नेहमी येतो: घरात गिझर लावला हे ट्रान्सफॉर्मरला कळतं कसं? प्रायमरीला, म्हणजे वीज आत घेणाऱ्या वाइंडिंगला, दिलेल्या व्होल्टेजला तोलून धरतं ते कोअरमधल्या (आतल्या लोखंडी गाभ्यातल्या) बदलत्या फ्लक्समुळे, म्हणजे चुंबकीय प्रवाहामुळे, तिथेच तयार होणारं उलट व्होल्टेज. दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून लोड नसताना प्रायमरी फार थोडा करंट घेते. सेकंडरीतून, म्हणजे घराकडच्या वाइंडिंगमधून, करंट निघाला की तो कोअरमधला फ्लक्स कमी करू पाहतो, उलट व्होल्टेज किंचित पडतं, आणि प्रायमरी तेवढा जास्त करंट आत घेऊन फ्लक्स पुन्हा जागेवर आणते. हीच साखळी मागे मागे जनरेटरपर्यंत जाते. तिथे रोटर जड होतो, किंचित मंदावतो, ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी केसभर खाली येते आणि वेग सांभाळणारा गव्हर्नर वाफेची किंवा पाण्याची झडप थोडी उघडतो. आपल्याकडे ही फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. तुझ्या गिझरला लागणारी वीज तू स्विच दाबल्यावर बनते.

आणि शेवटी तू ताजा कलम म्हणून विचारलंस, की मोबाइल न लावता चार्जर सॉकेटमध्ये ठेवला तर मीटर फिरतो का. फिरतो, पण फार थोडा. चांगला चार्जर रिकामा असताना ०.२ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे वर्षभर लावून ठेवला तर दोन युनिटही होत नाहीत. तो काढायचा तो बिलासाठी नाही. स्वस्तातला असेल तर त्याचं आतलं इन्सुलेशन भरवशाचं नसतं, म्हणून काढायचा.